कुत्र्याला खरं हाड द्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे लोक गावाला जाताना कुत्री ठेवून जातात. सोबत गादी, एखादं कुरतडलेलं खेळणं, औषधांची चिठ्ठी आणि खाण्याचा डबा येतो. डब्यात बऱ्याचदा फॉइलमध्ये गुंडाळलेलं एक हाड असतं. "रविवारी त्याला लागतंच," एवढं सांगून मालक रिक्षात बसतात. त्या हाडावरून होणारी बोलणी इथे एकत्र केली आहेत. मी डॉक्टर नाही. तुमच्या कुत्र्याचं वय, वजन, दात आणि जुनी दुखणी ज्या डॉक्टरांना माहीत आहेत, त्यांचा शब्द या पानाच्या वरचा समजा.

थोडक्यात सांगा, द्यायचं की नाही?

शिजलेलं हाड नाही. कोंबडीचं, बोकडाचं, डुकराचं, कुठलंच नाही. कच्च्या हाडाबद्दल पशुवैद्यांमध्ये एकमत नाही. बहुतेक जण त्यालाही नकोच म्हणतात, काही जण अटी घालून हो म्हणतात. ज्या घरात हाड देऊन झाल्यावर कुणी शेजारी बसून राहणार नसेल, तिथे कच्चंही नको असं माझं मत आहे.

पूर्वी वाड्यावरची कुत्री हाडंच खायची की! त्यांना कुठे काय झालं?

हा प्रश्न आजोबा मंडळींकडून हमखास येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पुष्कळ कुत्र्यांना खरंच काही झालं नाही. पण ज्यांना झालं त्यांचा एक्स-रे कुणी काढला? कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, गोठ्यामागे जाऊन पडलं आणि गेलं. घरात एवढंच बोललं गेलं की "म्हातारं झालं होतं." हाड आतड्यात अडकलं होतं की साप चावला होता, हे शोधायला कुणी गेलं नाही.

शिवाय त्या कुत्र्याला लहानपणापासून रोज थोडंथोडं चघळायची सवय होती. आज फ्लॅटमधल्या कुत्र्याला वर्षभर कोरडं खाणं मिळतं आणि आषाढ अमावस्येला एकदम ताटभर हाडं समोर येतात. तो ती चघळत बसत नाही. कुणी काढून घेईल या भीतीने गिळतो. बहुतेक अपघात या गिळण्यातच होतात.

शिजवल्यावर हाडात असं काय बिघडतं?

हाडाचे मुख्य घटक दोन. कडकपणा देणारं कॅल्शियम-फॉस्फेट आणि लवचिकपणा देणारं कोलॅजन नावाचं प्रथिन. उष्णतेने कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि ते रश्श्यात उतरतं. पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की थिजून थरथरतं ते याच जिलेटिनमुळे. म्हणजे आपण सूप प्यायलो तेव्हा हाडातला चिवटपणा आपल्या पोटात गेला, आणि भांड्यात उरलं ते ठिसूळ हाड. ते दाबाखाली वाकत नाही, तडकतं.

स्वतः करून पाहायचं असेल तर जेवण झाल्यावर तंगडीचं हाड दोन्ही हातांनी मोडा. ते तिरकं फाटतं आणि टोकाला बांबूच्या ढलपीसारखी धार येते. त्या धारेवरून बोट हलकेच फिरवा. बोटाला जे टोचतं तेच घशाला, अन्ननलिकेला आणि आतड्याला टोचतं. भाजलेल्या आणि तळलेल्या हाडांची गत आणखी वाईट, कारण त्यांतला ओलावाही गेलेला असतो. तंदुरीची हाडं सगळ्यांत धोक्याची.

आम्ही कुकरला तासभर शिट्ट्या काढतो. हाड बोटांनी कुस्करलं जातं. ते चालेल?

कोंबडीचं हाड खूप वेळ दाबाखाली शिजलं की खरंच भुसभुशीत होतं. असा पूर्ण लगदा झालेला थोडासा भाग भातात गेला तर टोचायचा धोका बराच कमी. पण "पूर्ण" हा शब्द नीट तपासायचा. मांड्यांची टोकं आधी विरघळतात, मधला दांडा टणक राहतो, आणि घाईत कालवलेल्या भातात तोच निसटतो. प्रत्येक तुकडा चिमटीत दाबून पाहण्याइतका वेळ रोज कुणाला असतो? शिवाय रोज हाडाचा लगदा म्हणजे कॅल्शियमचा मारा. शी पांढरी, खडूसारखी कोरडी होते आणि कुत्रा कुंथत बसतो. मी तरी हाडं गाळून टाकते आणि त्यांचं पाणी भातावर घालते.

मग ताटातलं उरलेलं मटण? हाड काढून?

हाड काढलं तरी मसाला राहतोच. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी आहेत. त्यांतल्या गंधकयुक्त घटकांमुळे लाल रक्तपेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात बदल दिसू लागतात. दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे बस होतात, आणि आपल्या वाटणात कांदा किती असतो ते सांगायला नको. लसूण त्याहून तीव्र. शिजवून, भाजून किंवा सुकवून हा दोष जात नाही. परिणाम लगेच न दिसता दोन-चार दिवसांनी दिसतो: हिरड्या फिक्या पडतात, लघवी तांबूस होते, कुत्रा जिना चढताना थांबतो. तोवर रविवारचं मटण कुणाला आठवत नाही.

कोल्हापूरकडची मंडळी "मग अळणी देतो" म्हणतात. अळणीतही मीठ असतं आणि आलं-लसूण पडलेलं असतंच. कुत्र्याचा वाटा काढायचाच असेल तर मटण नुसतं शिजायला टाकलं की, कांदा-लसूण पडायच्या आधी काढा.

नळी तर कुत्र्यांची आवडती. ती का नको?

नळीचे तीन वेगवेगळे त्रास आहेत.

पहिला चरबीचा. नळीच्या आतला तो चविष्ट भाग जवळजवळ चरबीच असतो. एकदम इतकी चरबी पोटात गेली की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. सारख्या उलट्या होतात, पोट दुखतं, आणि कुत्रा पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग वर करून उभा राहतो, जणू नमस्कार घालतोय. हे घरी बरं होणारं दुखणं नव्हे. सलाईन लागतं, कधी जीवही जातो.

दुसरा त्रास आडव्या कापलेल्या नळीचा, म्हणजे गोल कड्याचा. कुत्रा आतली चरबी चाटायला खालचा जबडा कड्यात घालतो, कडं सुळ्यांच्या मागे सरकतं आणि तिथे बसतं. आमच्याकडे राहायला आलेल्या एका लॅब्रॅडॉरला घरून आलेल्या डब्यातल्या नळीने असंच केलं होतं. तोंड अर्धवट उघडं, जीभ बाजूला, लाळेच्या तारा, आणि तो दोन्ही पंजांनी जबडा ओरबाडत गोल गोल फिरत होता. असं झालं तर एकदा, फक्त एकदाच, खाण्याचं तेल लावून कडं हलक्या हाताने फिरवून पाहा. ज्या वाटेने ते आत गेलं त्या वाटेने बाहेर येऊ शकतं. जबडा सुजला असेल किंवा कुत्रा हात लावू देत नसेल तर ओढाताण करू नका. डॉक्टर गुंगी देऊन कडं कापून काढतात. आमच्या पाहुण्याचं तसंच काढावं लागलं.

तिसरा त्रास दातांचा.

दात? उलट हाडाने दात साफ होतात ना?

होतात, हे खरं आहे. ब्राझीलमध्ये बीगल कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. गुरांची कच्ची हाडं चघळायला दिल्यावर थोड्याच दिवसांत दातांवरचं किटण बरंच कमी झालं. हाडाच्या बाजूने बोलणारे याचा दाखला देतात आणि तो खोटा नाही.

पण किटण दाताच्या वरच्या भागावरचं गेलं. हिरडीच्या आत जे साचतं, ज्याने दात हलतात, तिथवर हाड पोचत नाही. आणि त्या बदल्यात दात तुटायची भीती असते. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. त्यांत वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ कडक वस्तू फोडण्याच्या कामाची. ओठ मागे ओढून पाहिलंत तर वरच्या बाजूला सगळ्यांत मोठा दिसतो तोच तो दात. कडक हाडावर जोर पडला की याच दाताची बाहेरची बाजू पापुद्र्यासारखी उभी निघून येते. आतली नस उघडी पडते. कुत्रा ओरडत नाही. तो फक्त एका बाजूने चावू लागतो, किंवा महिन्याभराने डोळ्याखाली सूज येते आणि आपल्याला वाटतं की गांधीलमाशी चावली. पुढे भूल देऊन दात काढणं किंवा रूट कॅनाल.

डॉक्टर एक सोपी कसोटी सांगतात: चघळायच्या वस्तूत अंगठ्याचं नख दाबा. नखाची खूण उमटली पाहिजे. मोठ्या जनावराच्या पायाचं हाड या कसोटीत कधीच उतरत नाही. बाजारात मिळणारं हरणाचं शिंग आणि छुर्पी, म्हणजे याकच्या दुधाचं कडक चीज, हेही नाही.

दात घासायचे असतील तर कुत्र्यांची पेस्ट आणि मऊ ब्रश घ्या. माणसांची पेस्ट नको. तिच्यात फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं, आणि ते कुत्र्यांना घातक आहे.

पेट शॉपमधलं पाकिटबंद हाड तर कुत्र्यांसाठीच केलेलं असतं?

विकलं कुत्र्यांसाठीच जातं. भट्टीत सुकवलेली, धुरावलेली, वर चव लावलेली ही हाडं शेवटी उष्णतेतून गेलेलीच असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये हाडांबाबत इशारा दिला होता. २०१७ मध्ये त्यांनी खास अशा पाकिटबंद हाडांबद्दल पुन्हा सांगितलं. तोवर त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या होत्या. त्यांत जवळपास ९० कुत्री आजारी पडली आणि साधारण १५ दगावली. घशात अडकणं, आतडं बंद होणं, तोंडाला जखमा, गुदद्वारातून रक्त, असं सगळं त्या तक्रारींत आहे. काही पाकिटांत हाडाला बुरशी होती, काही हाडं पाकिटातच फुटलेली होती.

गाठ मारलेलं चामड्याचं "हाड" हे हाड नव्हेच. ते जनावराच्या कातड्याच्या आतल्या थरापासून करतात. लाळेने ते फुगतं, चिकट होतं, आणि शेवटचा तुकडा कुत्रा अख्खा गिळतो. "कॅल्शियम बोन" म्हणून मिळतं ते बहुधा पीठ आणि दूध पावडर वगैरेचं असतं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

इतकं ऐकूनही कच्चं हाड द्यायचंच असेल तर कसं द्यावं?

पहिली अडचण मटणाच्या दुकानात सुरू होते. आपला मटणवाला सवयीने सगळं सत्तुराने तोडतो. ओंडक्यावर तुटलेल्या हाडाला कच्चं असतानाच धारदार कपच्या सुटतात. "कुत्र्यासाठी द्या" म्हटलं की तो त्याच ओंडक्यावरचं छाटण पिशवीत भरून देतो, बऱ्याचदा फुकट. ती पिशवी घरी आणू नका. मान अख्खी, न तोडता मागा. विचित्र नजरेने बघेल, पण देईल.

आकाराचा नियम असा की हाड कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. बोकडाची अख्खी मान मध्यम कुत्र्याला ठीक, पण मोठा लॅब किंवा जर्मन शेफर्ड तीही दोन तुकड्यांत संपवू शकतो. परदेशी व्हिडिओंत गुरांचा मोठा सांधा द्या असं सांगतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे इथे मोठं हाड म्हणजे म्हशीचं. त्यातही पायाचा सरळ दांडा नको. जे हाड जनावराचं वजन पेलत होतं ते इतकं कडक असतं की त्यावर दात तुटू शकतात. सांध्याचं टोक किंवा मणक्याचा भाग सच्छिद्र, त्यामानाने मऊ असतो.

द्यायचं ते जेवणानंतर, म्हणजे भुकेपोटी गिळणार नाही. दहा-पंधरा मिनिटं, तुम्ही शेजारी, हातात मोबाइल नाही. तुकडे पडायला लागले किंवा हाड तोंडात मावेल इतकं झालं की संपलं. काढून टाकायचं, "उद्यासाठी" ठेवायचं नाही. आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर दोन तास राहिलेलं कच्चं हाड मीही देणार नाही, तुम्हीही देऊ नका. आठवड्यातून एकदाच, त्याहून जास्त नको. घरात दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून.

कच्च्या हाडातल्या जंतूंचं काय? फ्रीझरमध्ये ठेवलं की मरतात ना?

मरत नाहीत. साल्मोनेला आणि तत्सम जंतू घरच्या फ्रीझरमध्ये झोपून राहतात आणि बर्फ वितळला की जागे होतात. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसला तरी त्याच्या शीतून आणि लाळेतून ते बाहेर पडत राहतात. तोच कुत्रा नंतर नातवाचं तोंड चाटतो. अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने कच्चं मांस कुत्र्यांना देऊ नये अशी भूमिका २०१२ मध्ये घेतली, त्यामागे हेही एक कारण होतं. घरात रांगतं मूल, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेलं कुणी किंवा म्हातारं माणूस असेल तर कच्च्या हाडाचा विषय तिथेच मिटवा.

कोंबडीच्या कच्च्या मानांबद्दल एक वेगळा धोका आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की कच्ची कोंबडी खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये एका प्रकारच्या लुळेपणाचा धोका बराच वाढतो. मागचे पाय आधी जातात, मग पुढचे. कच्च्या कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टर या जंतूशी त्याचा संबंध असावा असं त्यांचं म्हणणं. बरीच कुत्री बरी होतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांना कोंबडीच्या माना देण्याची जुनी पद्धत आहे, म्हणून हे तिथे लक्षात आलं.

आणि खाटकाकडून हाडांबरोबर येणारं काळीज-फुफ्फुस कच्चं कधीच देऊ नका. मेंढ्या-बकऱ्यांच्या या अवयवांत हायडॅटिडच्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी शीतून बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेली मोठी गाठ होते. कुत्र्याला त्रास शून्य, ऑपरेशन माणसाचं. उकळून शिजवलेलं काळीज मात्र थोडं द्यायला हरकत नाही.

पिल्लाला दात येताहेत, सगळं चावत सुटलंय. त्याला तरी हाड?

त्याला तर मुळीच नाही. त्याचे २८ दुधाचे दात पातळ, सुईसारखे असतात आणि सहज तुटतात. थंड गाजर द्या, किंवा जुना पंचा ओला करून, पीळ देऊन फ्रीझरमध्ये ठेवा आणि तो द्या. सहा-सात महिन्यांत दात बदलून होतात.

लॅब, रॉटवायलर, ग्रेट डेनची पिल्लं पाळणाऱ्यांसाठी आणखी एक. "हाडं मजबूत व्हावीत" म्हणून हाडांचा चुरा, वर कॅल्शियमचं सिरप, वर पिल्लांचं पाकिटातलं खाणं, असं तिहेरी चालू असतं. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, सगळं आत घेतं. त्याने हाडं मजबूत न होता वाकडी वाढतात आणि सांधे बिघडतात. चांगल्या प्रतीचं पिल्लांचं खाणं चालू असेल तर ती सिरपची बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका.

कोणत्या कुत्र्याला कच्चंही हाड नको?

ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा त्रास झालाय, ज्याच्या दाढा काढल्यात किंवा तुटल्यात, ज्याचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, ज्याला बद्धकोष्ठ आहे, आणि जो काहीही न चावता गिळतो. पग, शीत्झू वगैरे चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास आणि गिळणं एकत्र सांभाळणंच जड जातं.

मासे? आमच्याकडे कोकणात कुत्र्याला बांगड्याची डोकी घालतात.

बांगड्याचा काटा बारीक, लवचिक आणि टोकदार. तो टाळ्यात, जिभेखाली, घशात रुततो. मासा नुसत्या पाण्यात उकडून, हाताने काटे काढून दिलेला उत्तम. सुरमईसारख्या मोठ्या माशाचा मधला काटा काढायला सोपा. डोकी मांजरीलाही विचार करून घाला.

त्याने हाड गिळलंय! आत्ता काय करू?

सगळ्यांत आधी श्वास पाहा. खोकत असेल पण श्वास चालू असेल तर त्याला खोकू द्या, गाडी काढा. श्वासच बंद असेल, जीभ निळसर होत असेल तर तोंड उघडून पाहा. हाड दिसत असेल तरच काढा. न बघता घशात बोट घातलं तर ते आणखी खाली जातं. दिसत नसेल तर लहान कुत्र्याला मागचे पाय धरून डोकं खाली करा. मोठ्याला मागून कवेत घेऊन, फासळ्या संपतात तिथे मूठ ठेवून वर-आत झटके द्या.

श्वास ठीक असेल तर पुढच्या चार गोष्टी करू नका. मीठ-पाणी किंवा दुसरं काही पाजून उलटी काढू नका, टोकदार हाड परत येताना अन्ननलिका फाडतं. केळं, पाव, भाताचा गोळा देऊन "ढकलू" नका, ते घशातच अडकलेलं असेल तर वर आणखी बूच बसतं. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका. आणि शीच्या जागी हाडाचं टोक बाहेर दिसलं तर ओढू नका.

मग डॉक्टरांना फोन. काय गिळलं, किती मोठं, शिजलेलं की कच्चं, किती वाजता, हे सांगा. बहुतेक वेळा एक्स-रेवर हाड दिसतं, आणि पुढचं सगळं ते कुठे आहे त्यावर ठरतं. जठरात पोचलेलं छोटं हाड तिथल्या तीव्र आम्लात बऱ्याचदा काही दिवसांत विरघळतं. डॉक्टर लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवतात, आणि ते बरोबरच असतं. अन्ननलिकेत अडकलेलं मात्र तातडीने काढावं लागतं. एकाच जागी दाब पडून तिथली भिंत मरायला लागते आणि तिला भोक पडतं. सतत लाळ, पुन्हा पुन्हा गिळल्यासारखं करणं, मान ताणून उभं राहणं, पाणी प्यायलं की लगेच तसंच बाहेर येणं, ही त्याची लक्षणं. "सकाळी बघू" म्हणायची ही वेळ नाही.

पुढचे तीन-चार दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलटी, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं, काळी किंवा रक्ताची शी, सुस्त पडून राहणं, यांपैकी काहीही दिसलं तर परत जा.

दुर्बिणीने हाड काढायची सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, म्हणून निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, लोकांच्या तोंडचं बैलघोडा हॉस्पिटल, बहुतेकांना ठाऊक आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांचे दवाखाने आहेत. तुमच्या जवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आज चौकशी करून फ्रिजवर लिहून ठेवा.

एरवी गरीब, पण हाड मिळालं की आमच्यावरच गुरगुरतो.

गुरगुरणं म्हणजे "जवळ येऊ नका" एवढंच तो सांगतोय. त्यासाठी मारलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. हाड तोंडातून हिसकावू नका. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा थोड्या अंतरावर टाका, तो तिकडे गेला की हाड उचला. ही अदलाबदल आधी साध्या खेळण्यावर शिकवा. लहान मुलं असलेल्या घरात, आणि असा स्वभाव असलेल्या कुत्र्याला, हाड न देणं हाच उपाय. मुलाला समजावलंय यावर विसंबू नका.

मग चघळायला द्यायचं तरी काय?

रबराचं पोकळ खेळणं घ्या, त्यात दही-भात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून गोठवा. मोठा कुत्रा अर्धा तास त्यात गुंग होतो. दातांसाठीच्या चघळकांड्या घेताना पाकिटावर व्हीओएचसी (VOHC) या पशुवैद्यकीय दंत-परिषदेची खूण शोधा. दातांवर परिणाम तपासूनच ती खूण देतात. कुत्र्याच्या वजनाप्रमाणे आकार घ्या. उसाचं कांडं देऊ नका. साखर आहेच, शिवाय चोयट्या अडकतात. मक्याचं कणीसही नको. त्याचं बुरकुंड आतड्यात अडकल्यामुळे ऑपरेशन झालेली कुत्री पुष्कळ आहेत.

हाडाची चव हवी असेल तर हाडं नुसत्या पाण्यात, मीठसुद्धा न घालता, मंद आचेवर उकळा. गाळा. थंड झाल्यावर वर आलेली चरबी काढून टाका आणि ते पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मे महिन्यात एक खडा वाडग्यात टाकला की पाणी न पिणारी कुत्रीही पितात.

आमच्या घरात मांसाहार चालत नाही. हाड न दिल्याने काही कमी पडतं का?

नाही. पूर्ण आहार असं लिहिलेलं पाकिटातलं खाणं असेल तर कॅल्शियम त्यात आहे. घरी शिजवलेलं वरण-भात-पनीर असेल तर कमी पडू शकतं. त्याला उत्तर हाड नव्हे, डॉक्टरांनी कुत्र्याच्या वजनावरून काढून दिलेलं मोजमाप.

उरलेली हाडं गल्लीतल्या कुत्र्यांना घातली तर चालतील?

घशाची बनावट तीच आहे, आणि त्यांना दवाखान्यात नेणारं कुणी नाही. रस्सा-मसाला नसलेला भात, त्यात उकडलेल्या कोंबडीचं मांस, अंडं, असं घाला. हाडांच्या ढिगावरून कुत्र्यांत मारामाऱ्या होतात, मग सोसायटीत तुमच्या नावाने बोंब होते ती वेगळीच.

मग ही हाडं टाकायची कुठे?

ओल्या कचऱ्यात. पण रात्री डबा स्वयंपाकघरात ठेवून झोपू नका. मटणाच्या वासावर झाकण उघडायला लॅबला एक मिनिट पुरतं, आणि मी ऐकलेल्या बऱ्याच "त्याने हाड खाल्लं"च्या गोष्टी या डब्यापाशीच सुरू होतात. जेवण झालं की हाडं पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी घंटागाडी आली की तिथून थेट गाडीत. पाहुणे असतील तेव्हा ताटं टेबलावर राहू देऊ नका. आणि लहान मुलं टेबलाखालून काय सरकवतात तेही जरा वाकून बघत जा.